आत्याचा शब्द

लोसालिने उंबऱ्यावरच बसली, आत येईना.

“आत ये की वहिनी. दारात काय बसतेस, लोक बघतायत,” तोकिलुपे म्हणाली. ती अळूचे कंद सोलत होती आणि तिचे हात चिकट झाले होते.

“इथंच बरी आहे, वन्सं.”

लोसालिनेच्या कमरेला जुनी, कडा उसवलेली चटई होती. अशी चटई बाई गुंडाळते ती मयताला जाताना, नाहीतर मोठ्या माणसाची माफी मागायला जाताना. मयत तर कुणाचं झालेलं नव्हतं. आणि तिचा मुलगा पेनिसिमानी, म्हणजे पेनि, गाडीतून एक भलीमोठी घडी काढून आणत होता. झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड, लग्नामयतात द्यायचं, त्यांच्या घरातलं सगळ्यात मोठं. ते त्यानं आईशेजारी ठेवलं, आत्यापुढे मान लववली आणि गाडीत जाऊन काच वर करून बसला.

तोकिलुपेनं चाकू खाली ठेवला. “कुणाला काय झालंय?”

“मनूला.”

मनू म्हणजे मनुसिउ, तोकिलुपेच्या भावाची मुलगी. सव्वीस वर्षांची, ऑकलंडमधल्या ओटाहुहूच्या बालवाडीत शिकवायची, हसली की अख्खी गल्ली ऐकायची. तिचं पोट महिनाभर फुगल्यासारखं वाटत होतं, सगळ्यांनी तिच्या खाण्याची थट्टा केली होती. मग तपासण्या झाल्या. उजव्या अंडाशयात गाठ निघाली. कॅन्सर. लवकर सापडला म्हणून देवाचे आभार माना, असं डॉक्टरीण म्हणाली होती.

“डॉक्टरीण म्हणते, एकाच बाजूचं काढू,” लोसालिने पदरासारखा चटईचा काठ मुठीत धरून सांगत होती. “दुसरी बाजू राहू दे, पिशवी राहू दे. पुढे मूल होऊ शकेल म्हणते. मी म्हणते, कशाला नसती जोखीम? सगळं काढा आणि पोर जगवा. तर मनू ऐकत नाही. रडून-भांडून झालं. शेवटी म्हणाली, आत्या म्हणेल तसं.”

अशा वेळी माणसाच्या मनात आधी भाचीचा जीव यावा. तोकिलुपेच्या मनात आधी आलं ते वेगळंच. ‘हिला विचारलं!’ एवढंच आलं, आणि छातीत जाळ उठला.

कारण तोकिलुपेचंही पोट असंच फुगलं होतं, चोविसाव्या वर्षी. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं काढून झालं होतं.

“आणि वन्सं,” लोसालिने आता कपाळ जवळजवळ जमिनीला टेकवून बोलत होती, “तुमच्या मनात आमच्याबद्दल काही असेल, माझ्याबद्दल काही असेल, तर ते काढून टाका. पोरीवर राग धरू नका.”

हे ती का म्हणत होती ते टोंगन माणसाला सांगावं लागत नाही. आत्याचा मान सगळ्यांत मोठा. भावाच्या मुलांवर तिचा हक्क त्यांच्या आईबापांहून जास्त, आणि तिचं मन दुखावलं तर भाचीची कूस उजवत नाही, असं म्हातारी माणसं म्हणत आलेली. इथल्या मांगेरे भागात जन्मलेली पोरं मोबाइलवर बोट फिरवता फिरवता ह्याला हसतात. पण पोट दुखायला लागलं की हसू बंद होतं.

“मी कशाला राग धरू?” तोकिलुपे म्हणाली. “तुम्ही मला काय कमी केलंय?”

ते खरं होतं आणि तेच टोचत होतं. मनूच्या पहिल्या वाढदिवसाला तोकिलुपे सगळ्यांत वरच्या आसनावर बसली होती. एकविसाव्याला केकचा सगळ्यांत वरचा मजला तिला मिळाला होता, आणि तो घरी नेऊन ती एकटी टेबलाशी बसली होती. शेवटी तो शेजारच्या सामोअन बाईच्या नातवंडांनी खाल्ला. प्रत्येक कार्यात तिला चटया, कापडं, टोपल्या. घरात पलंगाखाली, कपाटावर, मागच्या खोलीत नुसत्या चटयाच चटया, आणि झोपणारं माणूस एकच. मानाचं ताट तेवढं पुढे यायचं, जेवायला कुणी नसायचं.

“डॉक्टरिणीला कधी भेटायचंय?”

“मंगळवारी.”

“मी येते. जे बोलायचं ते तिथे बोलेन.”

लोसालिने कापडाकडे बघत राहिली. तोकिलुपेनं ते घरात ओढलं असतं तर माफी पोचली असती. तिनं ते ओढलं नाही. तिनं पुन्हा चाकू उचलला आणि लोसालिने उठून गाडीकडे गेली. कापड दारातच राहिलं. तोकिलुपे येताजाता ते ओलांडायची.

*

ती विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती. विमानात देतात त्या जेवणाच्या थाळ्या भरायच्या. एका खणात भात, एका खणात कोंबडी, एका खणात चौकोनी केक. पट्टा सरकत राहतो आणि हात चालत राहतात. हात चालत असले की डोकं मोकळं असतं, हाच त्या कामातला शाप.

सोमवारभर ती जुनं उगाळत बसली. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा. नवरा गावी, टोंगात. उपचारासाठी ती ऑकलंडला मोठ्या भावाकडे, मानासेकडे आली. इंग्रजी तिला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थँक्यू’ एवढंच यायचं. डॉक्टर बोलायचा आणि मानासे मध्ये उभा राहून सांगायचा. बिचारा मानासे! बहिणीपुढे भाऊ असल्या गोष्टी बोलत नाही. आमच्याकडे मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत टीव्हीसुद्धा बघत नाहीत, पडद्यावर काय येईल कुणी सांगावं. डॉक्टर मिनिटंच्या मिनिटं बोलला, कागदावर चित्र काढलं. मानासे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत घामाघूम झाला आणि तिला म्हणाला, “पोटातलं दुखणं काढतील म्हणतात. भिऊ नकोस.”

भावाचा तिला राग नव्हता. तो काय करणार! आणि तेव्हा दुसरा उपायच नव्हता, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. त्या काळी हे असंच करायचे. नवरा पुढे अमेरिकेला गेला आणि तिथे बाप झाला, तेव्हाही तिनं हेच म्हटलं होतं. त्या काळी दुसरं काही नव्हतं. ह्या एका वाक्यावर तिनं आयुष्य रेटलं होतं.

मनूच्या बापाला, मानासेला, जाऊन आता तीन वर्षं झाली होती. त्याच्या मयतात आत्याच्या हक्कानं मनूचे केस तिनंच कापले होते, कमरेखाली पोचणारे दाट केस. रिवाजच तसा. रडत रडतच कापले. पण कात्री चालवताना तिच्या हाताला बरं वाटलं होतं, हे तिच्या हातालाच ठाऊक.

*

डॉक्टरीण फ्रेझर नावाची उंच, करड्या केसांची बाई होती. तिच्या खोलीत तिघी बसल्या. पेनि त्यांना घेऊन आला खरा, पण दार उघडताच तो मागच्या मागे वळला. “मी गाडी बघतो,” म्हणाला.

“गाडी काय पळून चाललीय?” मनू हसली. तो कानापर्यंत लाल झाला आणि गेला.

डॉक्टरिणीनं कागदावर चित्र काढलं. तेच चित्र! मधे पिशवी, दोन्ही बाजूंना दोन फांद्या, फांदीच्या टोकाला बदामाएवढा गोळा. मनूला टोंगन करून सांगायला कुणी लागत नव्हतं. तीच विचारत होती आणि तीच आईला आणि आत्याला सांगत होती.

“ही बाजू काढणार. आजूबाजूचं थोडं थोडं तपासायला घेणार. तपासणीत काही वाईट निघालं तर पुन्हा ऑपरेशन. नाही निघालं तर दर थोड्या महिन्यांनी बोलावणार, वर्षानुवर्षं. परत येणारच नाही अशी हमी नाही देत. पण माझ्यासारख्या लवकर सापडलेल्या बहुतेक बायका बऱ्या राहतात म्हणते.”

“विचार तिला,” तोकिलुपे म्हणाली, “हे असं केव्हापासून करतात?”

मनूनं विचारलं. डॉक्टरीण थोडी थांबून बोलली.

“खूप वर्षं झाली म्हणते. आता जास्त करतात. पण पूर्वीसुद्धा, बाई तरुण असेल आणि गाठ एकाच बाजूला असेल, तर विचारायचे.”

“तीस वर्षांपूर्वी?”

“तेव्हाही कुणाकुणाला विचारत असतील म्हणते. का गं आत्या?”

तोकिलुपेनं चित्राकडे बघितलं. तिच्या शेजारी लोसालिने एकदम पर्स उघडून रुमाल शोधायला लागली, आणि रुमाल तर तिच्या हातातच होता.

डॉक्टरिणीनं चित्राचा कागद मनूपुढे सरकवला. मनूनं त्या न काढायच्या बाजूवर बोट ठेवलं आणि काहीतरी विनोद केला. डॉक्टरीण हसली. त्या दोघी अशा बोलत होत्या जशा मैत्रिणी बाजारात कापड निवडतात. हे घ्यायचं, हे ठेवायचं. तोकिलुपे बघत होती. ही पोर आजारी होती, हिच्या पोटात मरण बसलेलं होतं, आणि तरीही तोकिलुपेला तिचा हेवा वाटत होता. हिला भाषा येते. हिला चित्र कळतं. हिच्या मधे पंख्याकडे बघणारा कुणी उभा नाही. आणि वर ही हसते!

“तर आत्या,” मनू वळली, “तुझा शब्द?”

“सगळं काढा,” तोकिलुपे म्हणाली.

लोसालिनेनं रुमाल पर्समध्ये टाकला.

“जिवापेक्षा का काही मोठं आहे?” ती पुढे म्हणाली. आवाज अगदी वडीलधाऱ्या माणसाचा, काळजीचा, शहाणा. “मी नाही का जगले? मला काय झालं? सगळं काढून टाका आणि मोकळे व्हा.”

मनूचं बोट कागदावरून उचललं गेलं. ती वाद घालणाऱ्यातली होती, पण आत्याशी वाद घालत नाहीत. तिनं डॉक्टरिणीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. डॉक्टरिणीनं तोकिलुपेकडे बघितलं आणि मग मनूकडे बघून हळू, ठासून एक वाक्य बोलली. ते मनूनं टोंगन करून सांगितलं नाही. पण एवढं इंग्रजी आता तोकिलुपेला कळत होतं. ‘शरीर तुझं आहे,’ असं ती म्हणाली होती.

बाहेर पडताना मनू दारात थांबली. “आत्या, तू म्हणशील ते मी करेन. बाबा गेल्यावर तूच आहेस. पण तू मला एकदा विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं.”

“काय विचारायचं?”

“मला काय हवंय ते.”

ती पुढे निघून गेली. खांद्यापर्यंत वाढलेले केस तिनं रबरात घट्ट बांधले होते.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोकिलुपे कामावरून आली तर लोसालिने दारात हजर. ह्या वेळी चटई नव्हती. टोपलीत अळूच्या पानात भाजलेलं मांस, नारळाच्या दुधाचा वास येणारं, अजून गरम. चेहरा असा हलका, जसं डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं आहे.

“वन्सं, तुम्ही माझी लेक वाचवलीत,” ती म्हणाली. “मी म्हणतच होते. ज्याची झळ लागलीय ते ठेवायचंच कशाला? द्यायचं ते देऊन टाकावं. आता फिटलं.”

तोकिलुपे कुलपात किल्ली फिरवत होती. ती थांबली.

“काय फिटलं?”

“अं?”

“फिटलं म्हणालीस. काय फिटलं, वहिनी?”

लोसालिनेनं टोपली ह्या हातातून त्या हातात घेतली. “म्हणजे… आपलं असंच.”

“तू त्या दिवशी माफी कशाची मागत होतीस? मला वाटलं माझा तुझ्या पोरीवर राग आहे असं तुला वाटतं, म्हणून आलीस. तू काय केलंयस?”

बाई दारातच मटकन बसली. ज्या कापडाला इतके दिवस कुणी हात लावला नव्हता, त्याच्यावरच बसली.

“त्याला विचारलं होतं,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“मानासेला. तुमच्या डॉक्टरनं. एक बाजू काढायची की सगळं. तो तुम्हाला कसा सांगणार? भाऊ तो. घरी आला, जेवला नाही. मला म्हणाला, तू बाईमाणूस आहेस, तू उद्या जा आणि तिला नीट समजावून सांग, ती काय म्हणेल ते मला येऊन सांग.”

तोकिलुपेला आठवलं. लोसालिने आली होती. पेरूचा रस घेऊन आली होती. पलंगाशी बसली होती, पोटुशी, पेनिच्या वेळची. गावच्या गोष्टी सांगून गेली होती.

“तू मला काही विचारलं नाहीस.”

“नाही.”

“मग त्याला काय सांगितलंस?”

“सांगितलं, ती म्हणते सगळं काढा.”

रस्त्यावरून आइसक्रीमची गाडी वाजत गेली. समोरच्या घरातली पोरं ओरडत धावली. तोकिलुपेचा हात अजून किल्लीवर होता.

“का?”

“तुम्हाला मुलं झाली असती तर ती माझ्या मुलांच्या डोक्यावर बसली असती,” लोसालिने म्हणाली. आता ती रडत नव्हती. “बहिणीची मुलं वर, भावाची खाली. माझ्या पोटात पेनि होता आणि मला तेव्हाच दिसत होतं, तुमची पोरं येणार, माझ्या घरातलं हवं ते उचलून नेणार, आणि माझ्या पोरानं मान खाली घालायची. माझ्या आईचं आयुष्य तसंच गेलं, माझंही जाणार होतं. तुम्ही पलंगावर बसला होतात आणि नर्ससुद्धा तुमचं कौतुक करत होती, किती गोड मुलगी म्हणून. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे. एवढंच वाटलं. एवढंसंच वाटलं, वन्सं.”

“आणि मानासे?”

“त्याला कधी कळलं नाही. तो तुम्हाला विचारू शकत नव्हता आणि तुम्ही त्याला. त्याच्या लेखी ती तुमची इच्छा.”

म्हणजे भाऊ मेला तो हेच समजून, की बहिणीनंच सांगितलं होतं. आणि बहीण समजत होती, दुसरा उपायच नव्हता. दोघांच्या मधे आदराची एवढी मोठी भिंत, आणि भिंतीच्या एका भोकातून ही बाई काय वाटेल ते आत-बाहेर करत होती.

“तुमचं मी घेतलं,” लोसालिने म्हणाली. “आता माझ्या पोरीचं द्यायचं. तेवढं देऊन तिचा जीव सुटत असेल तर सुटू दे. तुम्ही काल म्हणालात तेव्हा मला वाटलं, देवानंच तुमच्या तोंडून हिशेब केला.”

तोकिलुपेला तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. तिचे केस कापावेत, मुळापासून कापावेत. आणि त्याच वेळी तिला कळलं, की काही करायची गरजच नाही. सूड तर ताटात वाढून ठेवलेला आहे. ती फक्त गप्प बसली की झालं. काल बोललेलाच शब्द पुरे होता.

“जा,” ती म्हणाली. “टोपली घेऊन जा.”

*

त्या रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर तिनं केकच्या खणात भात भरला. मुकादम ओरडला. तिला त्याचं काही वाटलं नाही.

ती लोसालिनेला शिव्या घालत होती, मनातल्या मनात, टोंगनमध्ये, अगदी माप न ठेवता. पण शिव्या घालता घालता एक गोष्ट आडवी यायची. पलंगाशी पेरूचा रस घेऊन बसलेली ती बाई आणि मंगळवारी खुर्चीवर बसलेली ती स्वतः, दोघींचा आवाज सारखाच निघत होता. शहाणा, काळजीचा. ‘सगळं काढा.’ लोसालिनेनं निदान तिच्या पाठीमागे सांगितलं होतं. तोकिलुपेनं भाचीच्या तोंडावर सांगितलं, आणि वर स्वतःच्या आयुष्याचा दाखला दिला. ‘मला काय झालं?’

सुट्टी झाल्यावर ती घरी न जाता ओटाहुहूच्या बालवाडीवर गेली. मुलं गेली होती. मनू लहान लहान खुर्च्या एकावर एक रचत होती.

“आत्या? इथे कशी?”

“बसू दे आधी.”

बसायला गुडघ्याएवढीच खुर्ची होती. तोकिलुपे तिच्यावर कशीबशी मावली. मनू हसायला लागली, मग आत्याचा चेहरा बघून थांबली.

“विचारायला आलेय,” तोकिलुपे म्हणाली. “काय हवंय तुला?”

मनू खाली, चटईवर बसली. 

“खरं सांगू? मला माहीत नाही. मला मुलं हवीत की नाही, ते पण माहीत नाही. दिवसभर इथे एवढी नाकं पुसते की घरी आणखी एक नको वाटतं. मग कधी एखादं पोर मांडीवर झोपतं, तेव्हा वाटतं…” तिनं खांदे उडवले. “मला अजून ठरवायचं नाहीये. ठरवायला शिल्लक राहावं, एवढंच हवंय. आणि भीती वाटते, आत्या. खूप भीती वाटते. दोन्हीची.”

तोकिलुपेला पुन्हा हेवा वाटला, मंगळवारपेक्षा जास्त. मूल होण्याचा नव्हे. हिला ठरवायचंसुद्धा नाही, त्याचा. दार उघडं ठेवून बाहेर उभं राहायची ही चैन तिला एक दिवसही मिळाली नव्हती. कदाचित तिलाही नको झाली असती मुलं. कुणी सांगावं!

“मी परवा बोलले ते चुकून बोलले नाही,” ती म्हणाली. “मला तुझा हेवा वाटला म्हणून बोलले. अजूनही वाटतो. तो माझ्यापाशी राहू दे. तू तुझं राहू दे.”

“म्हणजे?”

“एक बाजू काढ. बाकीचं ठेव. भीती वाटली तर मला हाक मार. हा माझा शब्द, आणि आता तो बदलणार नाही.”

मनूनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या एवढ्याशा खुर्चीवर तोकिलुपेला धड हलताही येईना. तिनं भाचीच्या केसांचं रबर सोडलं, केस बोटांनी मोकळे केले, आणि पुन्हा बांधले, थोडे सैल.

लोसालिनेनं काय केलं होतं ते तिनं मनूला सांगितलं नाही. आईशिवाय त्या पोरीला ऑपरेशनला जावं लागलं असतं.

*

ऑपरेशनच्या सकाळी मनू हिरव्या झग्यात पलंगावर बसली होती. लोसालिने दाराबाहेरच्या बाकावर, आत यायची हिंमत न झालेली. आणि पेनि पार कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या मशीनशी.

“पेनि!” तोकिलुपेनं हाक मारली. “इकडे ये. आत ये.”

“आत्या, नर्सनं…”

“नर्सचं सोड. आत ये म्हटलं ना.”

तो आला. बहिणीच्या पलंगाकडे पाठ करून उभा राहिला, एवढा दांडगा, रग्बी खेळणारा पोरगा.

“डॉक्टरीण बाहेर येऊन कुणाशी बोलणार आहे? फोन कुणाचा दिलाय?”

“माझा.”

“मग तुला काय माहितीय?”

“मनूच्या… पोटाचं ऑपरेशन आहे.”

“पोटाचं म्हणे! तुझ्या बापानंही मला हेच सांगितलं होतं. तोंड इकडे कर आणि ऐक. मनूचं उजवं अंडाशय काढणार. डावं राहणार. गर्भपिशवी राहणार. म्हण.”

“आत्या!” पेनि आणि मनू एकदमच ओरडले.

“मी म्हणायला सांगतेय. मी कोण आहे?”

आत्यानं सांगितलं की घरातलं सगळ्यांत भारी कापड द्यावं लागतं. ही तर तीन वाक्यं होती. पेनिनं डोळे मिटले. 

“उजवं… ते काढणार.”

“ते म्हणजे काय? नाव घे.”

“अंडाशय. डावं राहणार. गर्भ… पिशवी राहणार.” त्याच्या कपाळावर घाम आला होता, बापाला यायचा तसाच.

“आणि डॉक्टरिणीनं येऊन दुसरं काही विचारलं तर?”

“तर मनूला काय हवंय ते सांगणार.”

“मधे कुणाला पाठवायचं नाही. बायकोला नाही, आईला नाही. तुझ्या तोंडानं सांगायचं.”

“हो, आत्या.”

मनूनं उशीत तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते तोकिलुपेनं बघितलं नाही. तिची नजर दाराबाहेर होती. बाकावर लोसालिने सगळं ऐकत होती.

दुपारी डॉक्टरीण बाहेर आली. पेनि उठून पुढे गेला, हात पाठीमागे बांधून, शाळेत पोरं उभी राहतात तसा. ती बोलली, त्यानं एकदा काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. तो परत आला आणि दोघींसमोर उभा राहिला. 

“उजवं काढलं. बाकी दोन्ही आहेत. बाकी सगळं स्वच्छ दिसलं म्हणाली. पण तपासणीचं पक्कं कळायला थोडे दिवस लागतील.” मग त्यानं स्वतःहून, खाली न बघता म्हटलं, “गर्भपिशवी आहे.”

नर्सनं आधी एकालाच सोडलं. “आई कोण?” तिनं विचारलं.

लोसालिने उठली, आणि मग तिनं तोकिलुपेकडे हात केला. “आधी ह्या.”

मनू अर्धवट गुंगीत होती. ओठ कोरडे पडले होते. आत्याचा हात लागताच तिनं डोळे उघडले.

“आत्या… आहे?”

तोकिलुपेला एकदम तो दुसरा पलंग आठवला. ती अशीच जागी झाली होती. विचारायचं काय हेच तिला माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तिचा एक हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला, सदऱ्यावरून, जुन्या व्रणावर.

“आहे गं,” ती म्हणाली. “आपल्या जागी आहे. झोप.”

मनू झोपली. तोकिलुपे बसून राहिली. हेवा गेला नव्हता. तिला वाटलं होतं आज तरी जाईल.

थोड्या वेळानं दारात सावली पडली. लोसालिने उंबऱ्यापाशी उभी होती, आत येत नव्हती. हातात तीच टोपली होती.

“वन्सं,” ती हळूच म्हणाली, “मला माफ केलंत?”

“नाही,” तोकिलुपे म्हणाली. मग तिनं शेजारची रिकामी खुर्ची पायानं पुढे सरकवली. “आत येऊन बस. आता ती जागी होईल.”